चार एमबी रॅम असूनही ‘मेमरी फुल’ : जुन्या पीसींच्या मर्यादा आणि आपल्याकडचे अनुभव

बार्शी रोड (धागाकर्ता)

परवा आमच्या पॉलिटेक्निकच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकाने लिहिलं, "त्या काळी रॅम महाग होती, म्हणून प्रोग्राम चालत नसत." सगळ्यांनी अंगठे टाकले, विषय संपला. मला तो इतक्यात संपवायचा नाही, म्हणून हा धागा.

रॅम महाग होती हे खरंच. पण मी बोलतोय ते ९२-९३ सालच्या मशीनबद्दल. लातूरला तेव्हा ३८६ (इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा पीसी) म्हणजे मिरवायची वस्तू. चपला बाहेर काढून आत जायचं. चालू केलं की काळ्या पडद्यावर रॅमची मोजणी पळायची, ४०९६ केबीवर थांबायची, आणि आपण कौतुकानं बघत बसायचो. मग लोटस या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये जरा मोठी शीट उघडली की उत्तर : मेमरी फुल. म्हणजे रॅम होती, पैसे मोजून घेतली होती, मोजणीत दिसतही होती. प्रोग्रामचा हात तिथवर पोचत नव्हता.

याचं मूळ १९८१ सालात आहे. आयबीएमने पहिल्या पीसीत इंटेलचा ८०८८ घातला, ४.७७ मेगाहर्ट्झचा. त्याला पत्त्याच्या तारा (मेमरीतली कुठली जागा हवी ते सांगणाऱ्या) वीस. वीस तारांवर शून्य आणि एकच्या जेवढ्या जुळण्या होतात तेवढेच पत्ते : १०,४८,५७६, म्हणजे एक एमबी. त्या एक एमबीत नुसती रॅम नाही, सगळाच संसार बसवायचा होता. पडद्याची मेमरी, कार्डांवरचे रॉम (कायम टिकणारी मेमरी), बायोस (मशीन चालू करणारा आतला प्रोग्राम). खालचे ६४० केबी प्रोग्रामांना दिले, वरचे ३८४ केबी बाकीच्यांसाठी राखले. सगळ्यात स्वस्त पीसीत तेव्हा १६ केबी रॅम असायची. त्याच्या चाळीसपट जागा ठेवणाऱ्याला कुणी कंजूष म्हणालं नसेल.

"६४० केबी कुणालाही पुरेल" हे वाक्य बिल गेट्सच्या नावावर खपवतात. त्यांनी ते साफ नाकारलंय आणि पुरावाही आजवर कुणी दिलेला नाही. शिवाय ती रेघ डॉसने (पीसीची तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टम) ओढलेली नव्हतीच, ती मशीनच्या आखणीतच होती.

पुढे २८६ आला, २४ तारा, १६ एमबी. ३८६ आला, ३२ तारा, ४ जीबी. पण हे सगळे प्रोसेसर चालू होताना जुन्या ८०८६ चं (८०८८ च्या भावाचं) सोंग घेऊनच उठायचे, त्याला रियल मोड म्हणतात. डॉस त्याच मोडमध्ये राहायचा, कारण लोकांकडचे जुने प्रोग्राम चालले पाहिजेत. तुम्ही चार एमबी घाला नाहीतर सोळा, डॉसच्या साध्या प्रोग्रामला दिसणार ६४०. त्यातूनही डॉस स्वतः, माउसचा ड्रायव्हर आणि काय काय वजा करायचं.

यातला माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे ए-२० ची तार. १९८४ च्या पीसी-एटी या मॉडेलमध्ये ही एकविसावी तार चालू-बंद करायची सोय आयबीएमने कुठे द्यावी? कीबोर्डच्या कंट्रोलर चिपचा एक पाय मोकळा होता, तिथे. ती तार उघडली की रियल मोडमध्येच एक एमबीच्या वर ६४ केबीला १६ बाइट कमी इतकी जागा हाताशी येते. १९९१ च्या डॉस ५ ने त्याचा फायदा घेतला. कॉन्फिग.सिस या डॉस सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये आधी हायमेम.सिस आणि मग ‘डॉस=हाय’ लिहिलं की डॉस आपलं बरंचसं बिऱ्हाड तिकडे हलवायचा आणि खाली चाळीसेक केबी मोकळे व्हायचे. त्या चाळीस केबीसाठी रात्र रात्र घालवणारी माणसं मी पाहिली आहेत.

तुम्हाला कुठल्या मर्यादेनं जास्त छळलं तेवढं लिहा.

मोंढ्यातला

लई भारी धागा. आमच्या आडतीवर एक्सटी (एटीच्या आधीचा पीसी) होता, त्यावर डीबेस थ्री प्लस, नोंदी ठेवायचा प्रोग्राम. एका रेकॉर्डला १२८ फील्ड, एका टायमाला १० फायली उघड्या, फील्डचं नाव १० अक्षरांत. आडतीच्या धंद्याला तेवढं बक्कळ झालं. ६४० केबीची भानगड आमच्यापर्यंत आलीच नाही.

घोळ झाला तो शेजारच्या गाळ्यावर. इंजिनिअरिंगच्या एका पोरानं त्यांना टर्बो सीमध्ये हिशोबपट्टीचा प्रोग्राम लिहून दिला. एका शेतकऱ्याच्या तीन पट्ट्या टाकल्या : १२,४००, ११,८५०, ९,७००. बेरीज आली उणे ३१,५८६. शेटजी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "म्हंजे माल बी त्यानंच आणायचा आन पैसे बी त्यानंच द्यायचे का?"

टर्बो सीचा इंट (पूर्णांक ठेवायचा कप्पा) १६ बिटांचा. ३२,७६७ च्या पुढं एक रुपया गेला की तो उलटा फिरून उणे ३२,७६८ वर जातो. ३३,९५० मधून ६५,५३६ वजा करून बघा, शेटजींचा आकडा येतो. पोरानं इंट काढून लाँग टाकलं, मग दोनशे चौदा कोटींपर्यंत रस्ता मोकळा. एवढी आवक एका दिवसात कुठं व्हायलीय आमच्या मोंढ्यात!

फुकटफौजदार

शेतकऱ्याची बेरीज उणे यायला टर्बो सी कशाला लागतो राव.

सेलूची

पीसीच्या आधीचं सांगते. १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारचा शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर दिले जात. आमच्या शाळेतला मी स्वतः हाताळलाय. ६५०२ प्रोसेसर, दोन मेगाहर्ट्झ, रॅम ३२ केबी. बार्शी रोड, तुमचे ६४० आम्हाला राजवाडा वाटले असते.

त्या ३२ मध्ये पडदाही बसायचा. मोड शून्य, म्हणजे ६४० बाय २५६ ठिपके आणि फक्त दोन रंग, एकटा २० केबी खायचा. उरले १२. फ्लॉपीची यंत्रणा जोडली असेल तर खालचे सव्वासहा केबी यंत्रणेकडे. प्रोग्रामला राहिले ५,८८८ बाइट! उलट मोड सात हा टेलिटेक्स्टचा, त्याला एकच केबी लागायचा. म्हणून आधी ठरवायचं, चित्र हवं की प्रोग्राम मोठा हवा. प्रोग्राम वाढला आणि मोड शून्य मागितला तर मशीन ‘बॅड मोड’ म्हणून मोकळं. फ्लॉपीवर एका बाजूला फायली ३१, नाव सात अक्षरी. आठ अक्षरांना नावं ठेवणाऱ्या डॉसवाल्यांनी हे वाचावं.

मुलांना स्वतःचं नाव मराठीत दिसावं अशी माझी फार इच्छा. त्याच्या बेसिक भाषेत व्हीडीयू २३ अशी आज्ञा होती. आठ बाय आठच्या चौकोनात ठिपके भरायचे, प्रत्येक ओळीची बेरीज करायची, असे आठ आकडे दिले की तुमचं अक्षर तयार. आलेखाच्या कागदावर मी ‘क’ काढला. वरची ओळ शिरोरेषेला गेली, मधल्या कान्याला एक उभी रांग, दोन्हीकडचे गोल कसेबसे बसले. छान दिसला. मग एका मुलीचं नाव आलं कीर्ती. वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, वर जागाच नाही. शिरोरेषा खाली ओढली तर ‘क’ चेपतो. रफार तर विसराच. शेवटी एका अक्षराला दोन चौकोन, एकावर एक, असं करून जमवलं. पण अशी अक्षरं सहज मिळायची बत्तीसच, ती पाच-सहा नावांत संपली. रमा, कमल, गजानन यांची चंगळ होती.

गुलमंडी

सेलूची ताई, सुंदर! घरात कॉम्प्युटर म्हणाल तर आमच्याकडे औरंगाबादला झेडएक्स स्पेक्ट्रम या ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटरचा भारतीय अवतार होता, डीबी स्पेक्ट्रम प्लस. झेड-८० प्रोसेसर, साडेतीन मेगाहर्ट्झ. झेड-८० ला पत्त्याच्या तारा १६, म्हणजे सगळं मिळून ६४ केबी. त्यातले १६ रॉमला, उरले ४८ रॅमला. तारांचा तोच हिशेब.

डिस्क नाही. कॅसेट प्लेयर लावायचा, प्ले दाबायचं, आणि चार-पाच मिनिटं किंचाळणं ऐकायचं. आवाज जरा जास्त झाला की एरर, जरा कमी झाला की एरर. हेडवर धूळ बसली तरी एरर, आणि मे महिन्यात आमच्याकडे धुळीला काय तोटा. बरोबर आवाजाची जागा सापडली की तिथे नेलपॉलिशचा ठिपका.

पडद्याची अख्खी मेमरी ६,९१२ बाइट. ठिपक्यांना ६,१४४ आणि रंगांना ७६८. आठ बाय आठच्या चौकोनात दोनच रंग, त्यामुळे हिरव्या झाडामागून लाल माणूस गेला की तो हिरवा व्हायचा नाहीतर झाड लाल. रंग दिसले तर. कारण मशीन टीव्हीला यूएचएफवर सिग्नल द्यायचं, आणि दूरदर्शनपुरता व्हीएचएफ ट्यूनर असलेल्या सेटवर काहीच यायचं नाही. आधी टीव्हीवाला मेकॅनिक गाठायचा.

डिमलाइट

सगळे तारा मोजू लागले म्हणून विचारतो, एमएसईबीच्या तारा कुणी मोजायच्या? आमच्या हिंगोलीकडची खरी मर्यादा ती. संध्याकाळी लाइट इतकी डिम की मॉनिटरवरचं चित्र चारी बाजूंनी आत यायचं. पीसीच्या किमतीत सीव्हीटीची (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) किंमत धरायचीच. तो टेबलाखाली दिवसभर घुमायचा आणि उन्हाळ्यात खोली अजून तापवायचा. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला एक माणूस.

एक्सटीत घड्याळ चालू ठेवायला बॅटरी नसायची. दर वेळी डॉस तारीख विचारणार, वेळ विचारणार. दिवसातून चारदा लाइट गेल्यावर कोण टाइप करतंय? एंटर, एंटर. झालं, आजची तारीख १ जानेवारी १९८०. पतसंस्थेच्या सगळ्या फायली त्याच दिवशी जन्मलेल्या. नवी कुठली जुनी कुठली, फाइल उघडल्याशिवाय कळायची सोय नाही.

आणि विंडोज ९५ मधला तो प्रसिद्ध दोष. मिलिसेकंद मोजायचा आकडा ३२ बिटांचा, म्हणून मशीन सलग ४९.७ दिवस चालू राहिलं की आकडा भरतो आणि मशीन लटकतं. तो उघडकीला यायला १९९९ उजाडलं. आपल्याकडे दिला असता तपासायला तर आजही सापडला नसता. इथं एकोणपन्नास तास मिळायची मारामार.

बार्शी रोड

डिमलाइट, हसलो. पण लाइट ही मशीनची मर्यादा कशी धरायची? हे म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यांचा दोष गाडीला.

डिमलाइट

गाडी कुठल्या रस्त्यासाठी केलीय ते बघायला नको का, साहेब? डॉसमधला स्मार्टड्राइव्ह घ्या. तुम्ही फाइल सेव्ह केली, त्यानं ‘झालं’ म्हणून सांगितलं, आणि मजकूर मात्र अजून रॅममध्येच, सवडीनं डिस्कवर लिहिणार. अमेरिकेत चालतं. इथं त्या दोन-तीन सेकंदांत लाइट गेली की फाइल अर्धी, फॅटची (कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या तक्त्याची) नोंद अर्धी. मग ‘चेकडिस्क’ चालवा आणि फाइल०००० पासून सुरू होणारे तुकडे चिवडत बसा. ‘/एक्स’ लावलं की हे मागाहून लिहिणं बंद होतं. वेग कमी होतो, पण झोप लागते. लिहिणाऱ्यानं लाइट असणार असं गृहीत धरलं होतं, ती मर्यादा प्रोग्रामचीच.

बार्शी रोड

हे पटलं. स्मार्टड्राइव्हचा मुद्दा माझ्या यादीत घालतो.

दोन पायऱ्या

धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याला एक पुरवणी. ३८६ वर डॉसमध्येही ६४० च्या बाहेर जाता येत होतं. डॉस एक्स्टेंडर वापरणारे प्रोग्राम प्रोसेसरला प्रोटेक्टेड मोडमध्ये नेऊन सगळी रॅम वापरायचे. ९३ नंतरच्या मोठ्या गेम अशाच चालायच्या. त्यामुळे "डॉसला दिसणार ६४०" हे सरसकट नको.

आणि पत्त्यांचाच खेळ हार्डडिस्कवरही चालला होता. सेक्टर (डिस्कवरचे ५१२ बाइटचे तुकडे) मोजायला १६ बिट, म्हणून डॉसचं पार्टिशन ३२ एमबीचंच. ती भिंत पडली, तर पुढची ५०४ एमबीवर. ही भारी आहे. बायोसच्या मते सिलिंडर १,०२४ पर्यंत, हेड २५६ पर्यंत, सेक्टर ६३. आयडीईच्या (डिस्क जोडायच्या पद्धतीच्या) मते सिलिंडर ६५,५३६, पण हेड सोळाच. दोघेही आपापल्या जागी ऐसपैस. पण दोघांना मान्य असलेलाच आकडा चालणार, म्हणजे प्रत्येक ठिकाणी लहानातला लहान : १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३ गुणिले ५१२. संपलं, ५०४. मोठी डिस्क आणा, वरचं दिसायचंच नाही.

बार्शी रोड

एक्स्टेंडर बरोबर, पण ती डॉसला बाजूला सारून केलेली सोय. पतसंस्थेतल्या लोटसला आणि डीबेसला तिचा काय उपयोग? म्हणून ‘साध्या प्रोग्रामला’ असं लिहिलं होतं. हार्डडिस्कचं उदाहरण मात्र कडक. डिस्क होती, पत्ता नव्हता.

पत्रिका छापणारी

मी नांदेडला बरीच वर्षं डीटीपी केलं, लग्नपत्रिका, हँडबिलं, दिवाळी अंक. रॅमबद्दल एक माझ्याकडून. विंडोज ३.१ वर आठ एमबी घातले, तरी पेजमेकर (पानं मांडायचा प्रोग्राम), फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि दोन खिडक्या उघडल्या की मेमरी कमी म्हणून बोंब. आत पाहावं तर अर्धी रॅम रिकामी. भानगड अशी की विंडोजचे यूझर आणि जीडीआय असे दोन भाग, खिडक्या, बटणं, फॉन्ट, चित्रं यांच्या नोंदी ६४-६४ केबीच्या कप्प्यांत ठेवायचे. कप्पा भरला की बाहेर कितीही रॅम असो. मग आम्ही प्रोग्राम मॅनेजरमधले गट कमी करायचो, वॉलपेपर काढायचो. गिऱ्हाईक समोर बसलेलं, त्याला वाटायचं हिला कामच येत नाही.

पण देवनागरीपुढे हे काहीच नाही. डॉसच्या पडद्यावर ८० गुणिले २५ खाने, खान्यात एक कोड, आणि एकूण आकार २५६. त्यातले इंग्रजीचे वगळा. आता मराठी बसवा. ‘क’ ला ‘ष’ जोडला की नवाच आकार, ‘र’ चे तर रफार, रकार, ऱ्य, ट्र असे किती अवतार, आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारायची नंतर पण काढायची आधी. हे सॉफ्टवेअरने करायला मशीनमध्ये दम नव्हता, म्हणून पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने जिस्ट कार्ड आणलं. आयआयटी कानपूरच्या कामातून निघालेलं. कार्डावरच लिपीची जुळणी व्हायची आणि डीबेससारख्या परदेशी प्रोग्राममध्ये चक्क मराठी दिसायची. साठवण इस्की कोडमध्ये, म्हणजे खालचे १२८ इंग्रजीला, वरचे १२८ भारतीय लिपीला. त्यात ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवायचा.

विंडोजवर आल्यावर आमच्या धंद्याने सोपी वाट धरली. फॉन्टमध्ये जेमतेम सव्वादोनशे घरं, त्यात अक्षरांचे तुकडे कोंबले. अर्धा स, काना, मात्रा, रकार. फाइलमध्ये मराठी नसतेच, रोमन अक्षरांची रांग असते, तिला अंगरखा मराठी फॉन्टचा. दिसायला देखणं, म्हणून कुणी तक्रार केली नाही. पण शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. फॉन्ट बदलला की ‘शुभविवाह’चं भलतंच काही होतं. खुद्द विंडोजमध्ये युनिकोडची देवनागरी नीट आली ती विंडोज २००० पासून, आणि आमच्यापैकी बरेच जण त्यानंतरही जुन्याच फॉन्टवर राहिले, कारण छपाईचं सॉफ्टवेअर युनिकोड घेत नव्हतं. मशीनची मर्यादा गेली, सवय राहिली. आजही जुन्या अंकांच्या फायली माझ्याकडे आहेत, उघडतात आणि वाचता येत नाहीत.

फायलींची नावं आठ अक्षरांत! देशमुखांच्या पत्रिकांना देश१, देश२ करत देश१४ पर्यंत गेले होते एका मोसमात. रोमनमध्ये देशमुखांची आठ अक्षरं पूर्ण होतात, आकड्याला जागाच राहत नाही, तेव्हा ‘देश१४’.

फुकटफौजदार

देश१४ मधली नवरी देश१३ मध्ये छापली गेली नाही ना कधी?

पत्रिका छापणारी

प्रूफ वाचायला आमचे सासरे होते, म्हणून वाचलो.

मोंढ्यातला

एक कामाचं विचारतो. वडिलांच्या टायमाच्या सव्वापाच इंची फ्लॉप्या सापडल्यात, डीबेसच्या फायली असणार. काही एक्सटीवर लिहिलेल्या, काही नंतरच्या एटीवर. एटीवर लिहिलेल्या त्या एक्सटीला कधीच धड वाचता आल्या नव्हत्या. आता वाचता येतील का?

दोन पायऱ्या

येतील बहुतेक. एक्सटीची फ्लॉपी ३६० केबी, ४० ट्रॅक, हेड रुंद. एटीच्या १.२ एमबी ड्राइव्हला ८० ट्रॅक, हेड जवळपास निम्म्या रुंदीचं. तेच हेड जुन्या फ्लॉपीवर लिहितं तेव्हा रुंद पट्ट्याच्या मधोमध बारीक रेघ ओढतं, कडेला जुना मजकूर तसाच राहतो. एक्सटीचं रुंद हेड दोन्ही एकदम वाचतं आणि गोंधळतं. १.२ च्या ड्राइव्हवर त्याच फ्लॉप्या ठीक वाचल्या जायला हव्यात.

बाजारात मिळणारे यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंचीच असतात, ते घेऊ नका. जुना १.२ चा ड्राइव्ह मिळवा आणि ग्रीझवीझलसारखा छोटा बोर्ड लावा, तो चुंबकीय खुणा जशाच्या तशा उतरवून घेतो. त्याआधी खिडकीतून चकतीकडे बघा. पांढरट डाग असतील तर बुरशी आहे, तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड खराब होऊन पुढच्या सगळ्या फ्लॉप्या खरवडल्या जातील. डीबीएफ (डीबेसची) फाइल हाती आली की लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडते.

मोंढ्यातला

डाग हायत काहींवर. त्या बाजूला काढतो. नावं मराठीत टाकलेली असतील तर?

पत्रिका छापणारी

जिस्ट कार्ड होतं का दुकानात, ते आधी आठवा. असेल तर इस्की, आणि इस्की युनिकोडमध्ये सरळ बदलता येतं. एक डीबीएफ मला मेल करा, बघून सांगते.

मोंढ्यातला

कार्ड होतं, ताई. चंपाषष्ठी झाली की ड्राइव्ह बघायला सिकंदराबादला चक्कर मारतो, मग पाठवतो.